कयाक बंदरात अडकण्याआधी बीएलवरचं (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालाची जहाज-पावती) नाव बघा

तुम्ही परदेशातून समुद्रमार्गे मागवलेल्या कयाकला (वल्हवायच्या अरुंद होडीला) ७० दिवस झाले आणि ट्रॅकिंगवर अजून 'इन ट्रान्झिट' एवढंच दिसतंय, हे तुमचं वाचलं आणि माझं मागचं वर्ष जसंच्या तसं डोळ्यांसमोर आलं. मीही १६ फुटी सी कयाक युरोपातून न्हावा शेवा बंदरात मागवली होती, एलसीएलने (सामायिक कंटेनरने).

समुद्रावरच्या उशिरासाठी जीव जाळू नका. डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात जहाजांवरचे हल्ले वाढले, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा धरला. त्यातच १०-१५ दिवस जातात. शिवाय एलसीएलमध्ये अनेकांचा माल एकाच कंटेनरमध्ये. तो भरेपर्यंत आपली पेटी गोदामात. आठवड्यातून एकदा विचारा, तेही विक्रेत्याला नाही, फॉरवर्डरला (मालवाहतूक लावून देणाऱ्या एजंटला).

माझं खरं नुकसान जहाज लागल्यावर झालं. बीएलचा मसुदा 'तपासून कळवा' म्हणून मेलवर आला होता. मी वजन पाहिलं, लांबी पाहिली, ओके कळवलं. नाव पाहिलंच नाही. मेल खातं माहेरच्या आडनावाचं, ऑर्डर त्यावरून गेलेली. पॅन आणि आधार सासरच्या नावाचं. केवायसी जुळेना. मॅनिफेस्टमध्ये (जहाजावरच्या मालाच्या यादीत) दुरुस्ती हवी आणि ती बीएल देणाऱ्या कार्यालयाकडून व्हायला हवी. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, पण २३ दिवस मी तिथे फोन करत होते. आधी साध्या कागदावर अर्ज, मग लेटरहेडवर (घरगुती माणसाकडे लेटरहेड कुठून येणार?), मग विवाहाचा दाखला, मग त्याची नोटरी. प्रत्येक गोष्ट वेगळ्या दिवशी सांगितली. पहिल्याच फोनवर सगळी यादी दिली असती तर चार दिवसांत काम झालं असतं, हे मला आजही खुपतं. इकडे सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर-गोदामाचं) भाडं रोज चढत होतं. त्यात उतरवल्यापासून ३० दिवसांत माल सोडवला नाही तर नोटीस देऊन तो विकता येतो, ही धास्ती वेगळी. कयाकच्या किमतीचा पाचवा हिस्सा यात गेला.

मी सीएचए (कस्टम्समधून माल सोडवून देणारा एजंट) नाही, नियम बदलतात, ड्युटीचं तुमच्या सीएचएलाच विचारा. पण तो जहाज लागायच्या आधी नेमा, आणि माझं मत विचाराल तर विक्रेत्याने सुचवलेला नको, न्हावा शेवाला रोज जाणारा बघा.

टेम्पो ठरवताना कयाकची नाही, पेटीची लांबी सांगा. माझी पेटी साडेसतरा फूट निघाली आणि आयशर आला १७ फुटी. सही करण्याआधी प्लास्टिक फाडून तळ हाताने चाचपा. माझ्या कयाकच्या तळाला, पट्ट्याच्या जागी, बशीएवढा खळगा होता. पॉलिथिलीन असल्याने दुपारच्या उन्हात ठेवून आतून दाबल्यावर तो बराचसा वर आला. फायबरच्या कयाकवर हे करू नका.

आणि जुनी विकली नसेल तर कृपा करून विकू नका. मी विकली होती. पावसाळ्यानंतर मुळशीचं पाणी तुडुंब भरलेलं, आणि मी दोन महिने काठावर.

आज रात्रीच बीएलची प्रत मागवा आणि पॅनवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर लिहा, मी दिलेल्या अर्जाचा मजकूर पाठवते.