डावा हात कुठे होता?

प्रश्न : माझा भाचा २१ वर्षांचा आहे, परराज्यातल्या एका क्लबात ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवायला, शिकतो. गेल्या महिन्यात तो एकटाच बसला होता. उड्डाण सुरू होतानाच उजवीकडून वाऱ्याचा झोत आला, डावा पंख खाली जाऊन गवतात अडकला आणि ग्लायडर गरकन फिरलं. शेपूट तुटली, भाच्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. बिघाड काही नव्हता, सगळे वाऱ्यालाच दोष देतात. बहीण म्हणते, पुन्हा नाव काढायचं नाही. फी मी भरतो, म्हणून तो मला विचारतोय, ‘मामा, परत जाऊ का?’ काय सांगू?
– एक मामा, जुळे सोलापूर

उत्तर : मामा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. असाच एक पंख माझ्याही हातून टेकला होता.

आधी काय घडलं ते समजून घ्या. ग्लायडरला पोटाखाली मधोमध एकच मुख्य चाक असतं. उभं असताना ते एका बाजूला कलंडतं, म्हणून उड्डाणाच्या वेळी एकजण पंखाचं टोक धरून चार पावलं सोबत पळतो. लांब मैदानाच्या टोकाला विंच, म्हणजे ओढयंत्र, ग्लायडरला जोडलेली केबल गुंडाळत असतो आणि ग्लायडर तीन-चार सेकंदांत वेग घेतं. पंख समतोल ठेवायच्या झडपा, म्हणजे एलेरॉन, पंखांवरून हवा जोरात वाहू लागली तरच काम करतात. टोक हातातून सुटल्यापासून एलेरॉनला पकड येईपर्यंत जी फट राहते, नेमका तिथे झोत आला. उजवा पंख उचलला गेला, डावा बसला.

पंख टेकला तरी केबल ओढायची थांबत नाही. टोक गवताने धरलेलं आणि नाक केबलने खेचलेलं, मग ग्लायडर त्या टोकाभोवती फिरणारच. वेग अजून असता तर ते कोलांटी खाऊन पाठीवर पडलं असतं. माणसं जातात यात. भाचा हाडावर निभावला.

म्हणून पहिल्या दिवसापासून शिकवतात : उजवा हात स्टिकवर, म्हणजे ग्लायडर वळवायच्या दांड्यावर, डावा हात केबल सोडायच्या पिवळ्या नॉबवर. पंख पडतोय आणि सावरत नाही असं वाटलं की नॉब ओढायचा, टोक जमिनीला लागायच्या आत. लागल्यावर फार उशीर झालेला असतो.

वाऱ्याला दोष देणं मला पटत नाही. माझे वडील मंद्रूपला खळ्यावर वावडीवर उभे राहून ज्वारी उफणायचे. वारा जोरात असला तरी पाटी हलवायचे, पण वारा मध्येच पडून मध्येच उसळायला लागला की खाली उतरून बसायचे. म्हणायचे, “वारा मोठा चालतो, एकसारखा पाहिजे.” ग्लायडरचंही तेच आहे. समजा, उडायला ७० किलोमीटरचा वेग लागतो. समोरून ३० चा वारा असेल तर जमिनीवर ४० पुरतात. तोच वारा अचानक १० वर आला, तर हातातले २० गेले. त्यात तो आडवा असला तर पंख उचलणार हे वेगळंच. त्या दिवशी विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी खांबावरची कापडी नळी, कसा होता, हे भाच्याला विचारा. एकसारखा ताणलेला होता, की लोंबून पुन्हा उसळत होता? उसळत असेल, तर नवख्या मुलाला एकट्याने सोडायचं नाही, हा निर्णय प्रशिक्षकाचा. तो दोष त्या पोराच्या माथी मारू नका.

माझ्या वेळी मी बावीस वर्षांचा होतो. पंख खाली गेला आणि मला वाटलं, स्टिकने उचलीन. डावा हात मांडीवर होता. विंचवाल्याने पाहिलं आणि ओढ तोडली, म्हणून ग्लायडर नुसतं आडवं होऊन थांबलं. माझे प्रशिक्षक रागावले नाहीत. त्यांनी मला आठवडाभर बसू दिलं नाही, दुसऱ्यांच्या पंखाचं टोक धरून पळायला लावलं. तिथे तळहाताला कळलं की झोत येताना पंख आधी हलका होतो, मग वर ओढ घेतो. ते कुठल्याही पुस्तकातून माझ्यात उतरलं नसतं.

तर पैसे द्या, पण लगेच नको. हाड जुळलंय असं डॉक्टरांनी सांगू द्या. मग बहीण समोर नसताना त्याला एवढंच विचारा : पंख पडला तेव्हा डावा हात कुठे होता? ‘वारा फार होता’ असं उत्तर आलं तर थांबा. ‘नॉबवर होता, पण ओढायला उशीर केला’ किंवा ‘नॉबवर नव्हता’ असं सरळ सांगितलं तर जाऊ द्या. जाताना कबूल करून घ्या की पहिला महिना तो टोक धरून पळेल आणि प्रशिक्षक मागे बसल्याशिवाय उडणार नाही.

बहिणीपासून लपवून मात्र काही करू नका. तो सुट्टीला सोलापुरात आला की मासिकाकडे कळवा, मी घरी येतो. तिचे प्रश्न आपल्या दोघांपेक्षा जास्त असतील, त्यांची उत्तरं मीच देईन.