हीट पंप घ्या, ॲपचे पैसे रेडिएटरवर घाला

नमस्कार,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडात रेडिंगला 1930 च्या सुमाराचं सेमी-डिटॅच्ड घर. तळमजल्यावर आधीच्या मालकाने घातलेलं अंडरफ्लोअर हीटिंग (फरशीखालच्या नळ्यांतून फिरणारं गरम पाणी), वर रेडिएटर, आणि 14 वर्षांचा गॅस बॉयलर. हीट पंपचं, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर घरात ओढणाऱ्या यंत्राचं, कोटेशन 13,900 पौंड, सरकारी अनुदान वजा जाता 6,400. शिवाय प्रत्येक खोलीला स्मार्ट थर्मोस्टॅट, हब आणि ॲप असं होम ऑटोमेशनचं पॅकेज 2,900 पौंडांना. एकूण 9,300. ते पुण्याची एनआरई एफडी (अनिवासी भारतीयांची रुपयांतली मुदत ठेव) मोडून भरावेत का? पाच-सहा वर्षांत परत जायचा विचारही आहे.

पंपाला माझा होकार आहे, अटीवर. पॅकेजला नकार. एफडीला हात लावू नका.

आधी तुम्ही पाठवलेल्या बिलांकडे बघू. वर्षाला 14,000 युनिट गॅस, 6 पेन्सने 840 पौंड, त्यावर स्टँडिंग चार्ज, म्हणजे मीटरचा ठरावीक आकार, 110. म्हणजे 950. बॉयलरची कार्यक्षमता 85 टक्के धरली तर घराला प्रत्यक्षात मिळते सुमारे 12,000 युनिट उष्णता. तेवढीच उष्णता पंपाने द्यायची तर एका युनिट विजेतून तो किती युनिट उष्णता काढतो, यावर सगळं ठरतं. तीन काढली तर 26 पेन्सच्या दराने 1,040 पौंड, म्हणजे गॅसपेक्षा 90 ने महाग. साडेतीनला 890, जेमतेम 60 ची बचत. चारला 780, आणि तिथे 170 पौंड वाचतात. ब्रिटनमध्ये वीज गॅसच्या चौपट महाग असल्यामुळे हे असं काठावर चालतं. सेल्समन तुम्हाला चारचा आकडा सांगतो. तो खोटा नसतो, पण तो पाणी किती गरम करावं लागतं यावर अवलंबून असतो, आणि ते तो सांगत नाही.

तुमच्या फरशीला 35 अंशांचं पाणी पुरतं. वरच्या मजल्यावरचे जुने रेडिएटर मात्र बॉयलरच्या 70-80 अंशांच्या हिशेबाने बसवलेले असणार. कोटेशनमध्ये पाण्याचं तापमान 50 अंश लिहिलंय, ते त्यांच्यासाठी. पंप एकच, पाणी एकच. म्हणजे वरच्या तीन बेडरूमसाठी खालच्या फरशीचं पाणीही 50 ला तापवायचं आणि मग मॅनिफोल्डवरच्या (फरशीच्या नळ्यांना पाणी वाटणाऱ्या जोडणीवरच्या) मिक्सिंग व्हॉल्व्हने ते पुन्हा थंड करायचं! एकेका अंशामागे पंपाची कार्यक्षमता साधारण 2 ते 3 टक्के घसरते. दहा अंश म्हणजे चारचा तीन-सव्वातीन होतो, आणि वर मांडलेली सगळी बचत तिथेच संपते.

म्हणून 2,900 पौंडांच्या पॅकेजऐवजी वरचे रेडिएटर मोठे, दुहेरी पॅनेलचे करून घ्या. हजार-बाराशे पौंडांत काम व्हावं, पण लेखी दर घ्या. पाण्याचं डिझाइन तापमान 40 वर आणून दाखवा, असं इन्स्टॉलरला सांगा. खोलीनिहाय उष्णता-हानीचा तक्ता मागा. तो न देणाऱ्याला काम देऊ नका. मिक्सिंग व्हॉल्व्ह ठेवणार की काढणार, हेही विचारा.

आता ऑटोमेशन. पॅकेजवाला ‘30 टक्के बचत’ म्हणतोय. दावा शब्दशः खरा धरला तरी साडेतीनच्या हिशेबाने येणाऱ्या 890 चे 30 टक्के 267, म्हणजे पैसे वसूल व्हायला अकरा वर्षं, आणि तुम्ही तर सहाव्या वर्षी पुण्यात. पण दावाच लंगडा आहे. स्क्रीडमधलं, म्हणजे फरशीखालच्या सिमेंटच्या थरातलं, हीटिंग बिडाच्या तव्यासारखं असतं, तापायला वेळ आणि निवायलाही वेळ. ऑफिसला जाताना बंद करून येताना ॲपवरून चालू करायची गंमत इथे चालत नाही. उलट फरशी लवकर तापवायची म्हणून पंप जास्त गरम पाणी ढकलतो. खोल्याखोल्यांचे व्हॉल्व्ह आलटून पालटून बंद झाले की पाण्याचा प्रवाह कमी होतो आणि पंप सारखा चालू-बंद होतो. कॉम्प्रेसरला ते मानवत नाही. बाहेरच्या थंडीनुसार पाण्याचं तापमान आपोआप बदलणारी सोय, वेदर कॉम्पेन्सेशन, पंपात आधीच असते. ती नीट बसवून घेतली आणि बहुतेक व्हॉल्व्ह उघडे ठेवले की काम भागतं.

ऑटोमेशनचा खरा पैसा विजेच्या दरांत आहे. हीट पंपवाल्यांसाठीच्या टॅरिफमध्ये संध्याकाळी 4 ते 7 वीज महाग आणि दिवसाचे काही तास स्वस्त असते. चारच्या आधी फरशी अंशभर जास्त तापवून ठेवायची आणि सातपर्यंत तिच्याच जिवावर काढायचं. सरासरी दर 21 पेन्सवर आला आणि पंप एका युनिटामागे चार काढत असेल तर वर्षाचा खर्च 630, म्हणजे गॅसपेक्षा 320 पौंड कमी. याला 2,900 लागत नाहीत. तुमचे यजमान आयटीतले आहेत. होम असिस्टंट हे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर छोट्याशा कॉम्प्युटरवर ते एका शनिवार-रविवारी बसवतील (मग आणखी चार रविवार त्यात घालतील, ते वेगळं). एकच अट: त्याने पंपाला लक्ष्य-तापमान थोडं वरखाली सांगावं, रिले (आपोआप चालणारा स्विच) लावून पंप चालू-बंद करू नये.

‘पंप सहा वर्षांत वसूल होतो का?’ नाही. पण तुलना शून्याशी करू नका. 14 वर्षांचा बॉयलर जानेवारीत बंद पडला की घाईघाईने तीन-एक हजारांचा नवा गॅस बॉयलरच बसतो. म्हणजे पंपाचा जादा खर्च, मोठे रेडिएटर धरून, साडेचार हजारांच्या आसपास. तो सगळा बचतीतून निघणार नाही. उरलेला भाग तुम्ही गॅस सोडण्यासाठी मोजताय, हे माहीत असू द्या. सरकारी अनुदानाचे, म्हणजे बॉयलर अपग्रेड स्कीमचे, 7,500 पौंड इन्स्टॉलर एमसीएस-प्रमाणित (अशा कामांसाठीचं ब्रिटनमधलं प्रमाणपत्र असलेला) असेल तरच मिळतात आणि तोच ते बिलातून वजा करतो. व्हॅट शून्य आहे, पण 31 मार्च 2027 पर्यंतच.

पैसे कॅश आयएसएमधून (ब्रिटनमधल्या करमुक्त बचत खात्यातून) काढा. तुमचे 11,000 आहेत, त्यातले साडेसात हजार जातील. आपत्कालीन 9,000 वेगळे आहेत, ते तसेच राहू देत. एफडी मोडली तर व्याजदराला कात्री लागेल, आणि परतायचं असेल तर तो पैसा रुपयांतच हवा आहे. एक मात्र सांगतो: एनआरई एफडीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी ब्रिटनचे करदाते म्हणून ते तुम्हाला इथे दाखवावं लागतं. पत्रात त्याचा उल्लेख नाही. ते राहिलं असेल तर पंपाच्या आधी अकाउंटंटला गाठा.

आणि स्वयंपाकघरातली शेगडी गॅसची आहे का? असेल तर इंडक्शन घेतल्याशिवाय मीटर निघणार नाही, स्टँडिंग चार्ज चालूच राहील, आणि मग वर मांडलेल्या बचतीतून दरवर्षी 110 पौंड वजा करा.