वाचकांचे प्रश्न : भीमेचे खोरे

भीमा नदीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी काहींचा आशय सारखाच असल्याने ती एकत्र केली आहेत. नदीच्या प्रदूषणाविषयीच्या पत्रांना मात्र पुढे स्वतंत्र जागा द्यावी लागेल.

प्रश्न : भीमाशंकरहून अरबी समुद्र इतका जवळ असताना भीमा पाठ फिरवून पूर्वेकडे का जाते? (एक वाचक, राजगुरुनगर)

भीमाशंकरहून पश्चिम किनारा सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. भीमा मात्र आग्नेय दिशेने सुमारे ८६० किलोमीटर वाहते, कर्नाटकात रायचूरच्या परिसरात कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. याचे मूळ खडकाच्या इतिहासात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांत लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि आज आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तो बेसाल्ट तयार झाला. त्याच सुमारास भारतीय भूखंडाची पश्चिम कड तुटली, ती बाजू उंच राहिली आणि पठाराला पूर्वेकडे उतार मिळाला. तुटलेली कड झिजत झिजत मागे सरकली, तोच आजचा सह्याद्रीचा कडा होय. पाणी कोणत्या बाजूला जाणार हे ठरवणारी रेषा या कड्याच्या अगदी काठावरून जाते, त्यामुळे कड्यापासून हाकेच्या अंतरावर पडलेला थेंबदेखील कोकणात न उतरता पूर्वेची वाट धरतो.

या रचनेचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. पावसाळी ढग कड्याला अडून वर चढतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर तेथून शंभर किलोमीटरच्या आत, दौंड-बारामतीच्या बाजूला, तो पाचशेच्या आसपास येतो. भीमेचे खोरे सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचे असून त्याचा तीन चतुर्थांश भाग महाराष्ट्रात आहे, परंतु भरवशाचे पाणी देणारा पट्टा म्हणजे घाटमाथ्याची आणि मावळाची एक चिंचोळी किनार. इंद्रायणी, भामा, मुळा, मुठा, नीरा, घोड आणि कुकडी या नद्या त्या किनारीतून येतात. सीना आणि माण या मोठ्या उपनद्या मात्र अवर्षणाच्या पट्ट्यातच उगम पावतात आणि बऱ्याचदा सप्टेंबरच्या वळवासारख्या सरींनीच दुथडी भरतात. पुढील बहुतेक उत्तरांत हा विषम वाटा पुन्हा पुन्हा येईल, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने सांगितला.

प्रश्न : चंद्रभागा ही भीमेची उपनदी आहे की भीमाच? (एक वाचक, सांगोला)

भीमाच. पंढरपूरजवळ नदीचे पात्र चंद्रकोरीसारखे वळते, म्हणून तेवढ्या टप्प्यात तिला चंद्रभागा म्हणतात. संतांच्या अभंगांत भेटणारी भिवरा तीही हीच.

प्रश्न : निघोजचे रांजणखळगे मानवनिर्मित आहेत, असे गावाकडे ऐकले. यात तथ्य आहे का? (एक वाचक, शिरूर)

नाही. ते कुकडीने कोरले आहेत, आणि तेही दगडाच्याच साहाय्याने. बेसाल्टच्या पात्रात एखादा खोलगट भाग किंवा भेग असली की पुराचे पाणी तेथे भोवरा धरते. त्या भोवऱ्यात सापडलेले गोटे आणि वाळू तळाशी गरगर फिरत राहतात आणि खळगा जात्यासारखा आतून घासला जातो. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर एखाद्या कोरड्या खळग्यात डोकावून पाहावे. भिंतींचा स्पर्श गुळगुळीत लागतो, तोंडापेक्षा पोट अनेकदा रुंद असते आणि तळाशी तेच गोल झालेले गोटे पडलेले दिसतात. शेजारशेजारचे दोन खळगे वाढत वाढत एकमेकांत फुटले, की पात्राला एक खोल, अरुंद घळ मिळते. निघोजला या क्रियेच्या सर्व अवस्था एकाच ठिकाणी पाहता येतात, हे त्या जागेचे खरे वैशिष्ट्य आहे.

याच कुकडीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. ही राख आपल्याकडच्या लाव्हाची नसून हजारो किलोमीटर दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची आहे, असे मानले जाते. टोबाचा उद्रेक एकाहून अधिक वेळा झालेला असल्याने ही राख नेमकी कोणत्या उद्रेकाची, यावर संशोधकांत जुना वाद आहे. या थराच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारेही मिळाल्यामुळे राखेचे वय बदलले की हत्यारांचे वयही बदलते.

प्रश्न : भीमेच्या खोऱ्यात शेती नेमकी केव्हा सुरू झाली? (एक वाचक, पुणे)

नेमके वर्ष सांगणे शक्य नसले, तरी सर्वांत तपशीलवार पुरावा शिरूर तालुक्यातील इनामगावचा आहे. घोड नदीच्या काठावरील या पांढरीच्या (म्हणजे जुन्या वस्तीच्या अवशेषांच्या) टेकाडाचे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. इ. स. पूर्व १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षे येथे वस्ती होती.

मधल्या, म्हणजे इ. स. पूर्व १४०० ते १००० या भरभराटीच्या काळात लोक ऐसपैस चौकोनी घरांत राहत होते. जव हे त्यांचे मुख्य धान्य होते. वस्तीतील पाच खोल्यांचे एक मोठे घर प्रमुखाचे असावे, कारण त्याला लागून धान्याचे कोठार आढळले. नदीच्या विषयात सर्वांत लक्षणीय ठरते ती वस्तीलगत सापडलेली चारी आणि तिच्या बाजूचा दगडी बांध. पुराचे पाणी वळवून ते शेतीला वापरण्याची ही सोय असावी, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे. तो मान्य केला, तर या खोऱ्यात पाणी अडवून वळवण्याची कल्पना तीन हजार वर्षांहून जुनी ठरते.

इ. स. पूर्व १००० नंतर चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या येतात, शेतीचे प्रमाण घटते आणि शिकार व पशुपालन यांवरची भिस्त वाढते. हवामान कोरडे झाल्यामुळे असे घडले, असे ढवळीकरांचे मत होते. सर्वच अभ्यासक एवढ्या एका कारणावर समाधानी नाहीत आणि मलाही ते पुरेसे वाटत नाही. तरीही पाचशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात सलग काही वर्षे पाऊस हुकला म्हणजे काय होते, हे या भागातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नसावी.

प्रश्न : ‘भीमथडीचे तट्टू’ या शब्दप्रयोगाचा नदीशी संबंध आहे का? (एक वाचक, बारामती)

आहे. थडी म्हणजे काठ. भीमा आणि नीरा यांच्या काठच्या प्रदेशातील काटक, लहानखुरे घोडे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेले होते. जुन्या पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाही होता. नदीकाठची काळी जमीन सोडली, तर हा सारा मुलूख खुरट्या गवताच्या माळरानांचा, म्हणजे चिंकारा, लांडगा आणि धनगरांच्या मेंढ्यांचा आहे. नान्नजचे माळढोक याच माळरानांपैकी एकाचे रहिवासी. सरकारी दप्तरात या माळांची नोंद ‘पडीक’ अशी होत आली, हा त्यांच्यावरचा मोठा अन्याय आहे.

प्रश्न : सीना भीमेला कोठे मिळते आणि त्या संगमाचे काही महत्त्व आहे का? (एक वाचक, मोहोळ)

दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे. तेथील संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. त्याच्या अखेरीस ‘वाछि तो विजेया होइवा’, म्हणजे जो हे वाचील तो विजयी होईल, असे शब्द असून मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला.

प्रश्न : नीरा खोऱ्यात ऊस आला कसा? आमचे आजोबा सांगत, की कालवा ज्वारीसाठी होता. (एक वाचक, इंदापूर)

आपले आजोबा बरोबर सांगत होते. मुठेवरील खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले, नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि त्याला पाणी पुरवणारे भाटघरचे पहिले धरण १८९२ मध्ये बांधून झाले. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाची आठवण ताजी होती आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी ज्वारी-बाजरीला एखाददुसरे पाणी मिळावे, अशी मूळ अपेक्षा होती. अडचण अशी झाली, की पाऊस बरा झालेल्या वर्षी शेतकरी पाणी मागेना आणि पाणीपट्टी बुडू लागली. बारमाही पाणी पिणारा, हमखास पट्टी देणारा ऊस सरकारलाही सोयीचा होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत आखली, तीत प्रत्येक गटातील ठरावीक हिस्साच उसाखाली ठेवून उरलेल्या क्षेत्रात हंगामी पिके फिरवायची होती. १९२८ मध्ये भाटघरला अधिक मोठे धरण झाले आणि पाणी वाढले, त्यासोबत ऊसही वाढला. ब्लॉकची ती शिस्त टिकली असती, तर आज कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावांची तक्रार निम्म्याने कमी असती, असे माझे मत आहे.

प्रश्न : मुळशी धरणाचे पाणी कोकणात सोडतात, हे खरे का? मग ते भीमेचे पाणी नव्हे काय? (एक वाचक, करमाळा)

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. निसर्गाने पूर्वेकडे धाडलेले पाणी माणसाने कड्यावरून पश्चिमेला उतरवले, ते विजेसाठी. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी सुमारे पाचशे मीटर खाली सोडले, तर थोड्या पाण्यात भरपूर वीज मिळते आणि मुंबईच्या गिरण्यांना ती हवी होती. टाटांचे खोपोली येथील वीजकेंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावरचे भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. लोणावळा परिसरातील इंद्रायणीचे, ठोकरवाडीला अडवलेल्या आंद्रेचे आणि मुळशीला अडवलेल्या मुळेचे पाणी अनुक्रमे पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका या कोकणातील नद्यांत जाते.

मुळशी धरणाला मावळ्यांनी केलेला विरोध सर्वश्रुत आहे. १९२१ मध्ये रामनवमीच्या दिवशी सुरू झालेला सत्याग्रह पुढे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२४ पर्यंत चालला. भातखाचरे बुडाली ती बुडालीच. त्या लढ्यात प्रश्न जमिनीचा होता, पाणी कोणत्या बाजूला जाते हा नव्हता. तो प्रश्न पूर्वेकडे तहान वाढत गेली तसा पुढे आला. हे पाणी परत भीमेत सोडावे, ही सोलापूर भागाची मागणी समजण्यासारखी आहे. पण शंभर वर्षांत त्या पाण्यावर उल्हास आणि पाताळगंगेच्या काठी शहरे आणि कारखाने उभे राहिले असून तीही आज त्याच पाण्यावर जगतात. त्यामुळे ‘परत सोडा’ म्हणजे कोणाचे तोडून सोडा, हेही मागणी करणाऱ्याने सांगितले पाहिजे.

प्रश्न : ‘उजनी वजा ५० टक्के’ अशी बातमी वाचली. धरण शून्याच्या खाली कसे जाते? (एक वाचक, माढा, याच आशयाची आणखी पाच पत्रे)

हा हिशेबाचा गोंधळ आहे. भीमेवरील, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). त्यापैकी सुमारे ६३.७ टीएमसी पाणी ठरवून दिलेल्या किमान पातळीच्या खाली राहते, त्याला मृत साठा म्हणतात. त्यावरचे सुमारे ५३.६ टीएमसी म्हणजे उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती या उपयुक्त साठ्याची. तो संपला की आकडा शून्यावर येतो आणि त्यानंतर मृत साठ्यातून काढलेले पाणी वजा चिन्हाने दाखवतात. वजा ५० टक्के म्हणजे मृत साठ्यातील सुमारे २७ टीएमसी पाणी गेले आणि तरीही धरणात सुमारे ३७ टीएमसी पाणी आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा वजा ६० टक्क्यांच्या आसपास गेला होता. त्या तळाच्या पाण्यात गाळ किती, हे या हिशेबात धरलेले नसते.

सोलापूर जिल्ह्यात पावसाळ्यात लोक आपल्या आभाळाकडे पाहण्याआधी दौंडचा विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) आहे ते पाहतात, कारण उजनीचे पाणी पुणे जिल्ह्यातील धरणे भरून वाहिल्यानंतरच येते. मधल्या वाटेवर त्यात शहरांचे सांडपाणीही मिसळते. साठलेले पाणीही सरळ मिळत नाही. सोलापूर शहरासाठी ते वर्षानुवर्षे नदीपात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत, शंभराहून अधिक किलोमीटर सोडले गेले आणि वाटेतली वाळू, ऊन आणि काठच्या मोटारी यांनी आपापला वाटा आधी घेतला.

धरणाच्या फुगवट्याने मात्र एक नवेच जग तयार केले. भिगवणच्या उथळ काठावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब हे पक्षी उतरतात, मासेमारी हा तेथील मोठा व्यवसाय झाला आणि जाळ्यात स्थानिक माशांपेक्षा बाहेरून आलेली चिलापी अधिक सापडू लागली. पाणी ओसरू लागले की काठच्या शेतकऱ्यांची धावपळ सुरू होते. मोटार गाळातून पुढे न्यायची, पाइप जोडत जायचे आणि तरीही पाणी लांबच राहिले तर यंत्राने चारी खणून ते मोटारीपर्यंत आणायचे. त्याच दिवसांत जुन्या पळसदेव गावातील पळसनाथाच्या मंदिराचे शिखर प्रथम दिसते, मग खांब, मग ओटा, आणि पाणी फारच खाली गेले तर गाभाऱ्यापर्यंत चालत जाता येते.