वाचक विचारतात : वल्ह्याच्या कॅनूला शीड

प्रश्न : आमची फायबरची 16 फुटी कॅनू आहे. बामणोलीच्या बाजूला शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) आम्ही दोघं वल्हवतो. समोरून किंवा आडवा वारा सुटला की परतताना हात गळून जातात. शीड लावता येईल का? वल्हवण्याची मजा मात्र जायला नको.
– एक वाचक, मेढा

उत्तर : लावा की. पण आधी शिडाचं नाही, फळीचं बघा. कॅनूच्या तळाला पाण्यात पकड नसते. आडव्या वाऱ्यात नुसतं शीड चढवलंत तर होडी पुढे कमी आणि बाजूला जास्त जाईल. म्हणून होडीच्या काठाबाहेरून पाण्यात उतरणारी फळी हवी : मरीन प्लायची (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडची), 3 फूट लांब, 9-10 इंच रुंद, पुढची कड गोल, मागची निमुळती. ती आडव्या दांड्याला बोल्टाने लावा, म्हणजे उथळ पाण्यात वर उचलता येईल. दांडा काठांना क्लॅम्पने धरा, भोकं पाडू नका. फळीची नेमकी जागा पाण्यातच कळते. होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड वळवू लागली तर दांडा थोडा मागे घ्या, वाऱ्यापासून पळू लागली तर पुढे. वाऱ्याकडे किंचित ओढ राहिलेली मला आवडते. शिडाची दोरी सोडली की होडी वाऱ्याकडे वळून थांबते.

शीड 40 चौरस फुटांच्या आसपास पुरे. दोन काठ्यांचं तिकोनी घ्या. त्याला डोलकाठी आखूड चालते आणि गुंडाळून सगळं होडीतच मावतं. डोलकाठी उभी धरायला तळाला एक ठोकळा आणि पुढे भोकाची आडवी पट्टी, एवढंच कायमचं. सुकाणू नको, मागच्याचं वल्हं ते काम करतं. कोकणातली उलांडी (होडीच्या बाजूला दांड्यांनी जोडलेला तरंगता ओंडका) लावावी असं कुणी सुचवेल. तोल सांभाळते खरी, पण त्या बाजूचं वल्हं अडतं.

प्रवासी जॉन मॅकग्रेगर यांनी 1865 मध्ये 'रॉब रॉय' कॅनूतून युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या. त्यांच्याकडेही छोटं शीड होतं, पण मुख्य भिस्त दुतोंडी वल्ह्यावर.

शिवसागराभोवती डोंगर, त्यामुळे वारा झोतांनी येतो. वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. शिडाची दोरी कधीही बांधून ठेवू नका, हातातच धरा. दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच. दोन्ही टोकांना हवेच्या पिशव्या घट्ट बांधा, नाहीतर उलटलेली कॅनू पाण्याने भरून जाईल आणि तिच्यात पुन्हा चढणं अवघड होईल.