'गिल्ट', पश्चात्ताप, प्रायश्चित्त: पाटीवर कोणता शब्द?

मुंबईत एका इंग्रजी चित्रपटाच्या मराठी पाट्या, म्हणजे सबटायटल्स, लिहिणाऱ्यांचा प्रश्न आहे. चित्रपट 'अटोन्मेंट', २००७ चा. नावाला 'प्रायश्चित' चालेल का? 'गिल्ट'ला 'अपराधबोध' घ्यावं की 'अपराधगंड'? शिवाय त्यांच्या मसुद्यात 'मी आयुष्यभर प्रायश्चित्तात जगले' असं एक वाक्य आहे. ते कानाला खटकतं, पण का खटकतं ते सांगता येत नाही.

आधी हे वाक्य बघू, बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. प्रायश्चित्त ही भावना नाही, कृती आहे. ते घेतात, करतात, कुणीतरी देतं. त्यात कुणी जगत नाही. मनात जळत राहतो तो पश्चात्ताप. तोंडाने देतात ती कबुली. त्यानंतर स्वतःहून अंगावर घेतात ते प्रायश्चित्त. आणि एवढं सगळं झाल्यावर डाग गेला, तर ते परिमार्जन किंवा पापक्षालन. मराठीने या चार पायऱ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. इंग्रजी 'अटोन्मेंट'मध्ये शेवटच्या दोन एकत्र येतात, आणि मुळात तो शब्द 'ॲट वन' म्हणजे 'पुन्हा एक होणं' यावरून बनलेला आहे. म्हणजे त्यात समेटही आला. आपल्या शब्दात समेट नाही, माप आहे.

माप हे शब्दशः. 'प्रायो नाम तपः प्रोक्तं चित्तं निश्चय उच्यते' अशी प्रायश्चित्ताची परंपरागत फोड आहे: प्राय म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय. स्मृतींमध्ये ते दिवसांत आणि घासांत मोजलेलं आहे. प्राजापत्य कृच्छ्र नावाचं व्रत बारा दिवसांचं: तीन दिवस फक्त सकाळी जेवायचं, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेवढंच, आणि उरलेले तीन दिवस निर्जळ नव्हे पण निराहार. चांद्रायण व्रतात घास चंद्राच्या कलेने वाढतात. शुक्ल प्रतिपदेला एक, पौर्णिमेला पंधरा, मग रोज एक कमी, अमावास्येला उपास. म्हणजे प्रायश्चित्ताला सुरुवात असते, शेवट असतो आणि ते सांगणारा दुसरा कुणीतरी असतो. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, झालं तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त 'घेतलं'. मुंबईत १८४३ साली श्रीपत शेषाद्री या मुलाला मिशनऱ्यांकडून सोडवून पुन्हा जातीत घेण्याचा वाद पेटला, तेव्हा बाळशास्त्री जांभेकर ज्यासाठी झटले तेही प्रायश्चित्त 'देऊन' शुद्ध करून घेणंच होतं. घेणं आणि देणं ही क्रियापदं या शब्दाला तेव्हाही चिकटलेली होती. आज 'त्याला चांगलं प्रायश्चित्त मिळालं' असं आपण म्हणतो तेव्हा अर्थ शिक्षेकडे सरकतो. पाट्या लिहिताना हा अर्थ टाळायला हवा. चित्रपटात खोट्या साक्षीमुळे तुरुंगात जाणारा रॉबी निर्दोष आहे. तो शिक्षा भोगतो. त्याच्या तुरुंगवासाला चुकूनही प्रायश्चित्त म्हणू नका.

या शब्दावर एकाच धर्माची मालकी आहे असंही नाही. मराठी बायबलमध्ये लेवीयाच्या पुस्तकात याजक लोकांसाठी प्रायश्चित्तच करतो. मुंबई-रायगडच्या बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने तर 'योम किप्पूर'ला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, अस्सल घरगुती मराठी नाव दिलं: दारफाळणीचा सण. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, दिवसभर उपास धरायचा, प्रार्थना करायची. याच समाजाचं मुंबईतलं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ चं, मांडवीतलं. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ 'दयेचं दार', आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्याच्यावरूनच पडल्याचं सांगतात, कारण बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. पाटीवर 'दारफाळणी' कुणाला कळणार नाही, तो शब्द वापरा असं सांगत नाही. पण ज्या भाषेत प्रायश्चित्ताच्या दिवसाचं नाव दार लावून घेण्यावरून पडलं, त्या भाषेतला प्रेक्षक या चित्रपटाचं मर्म लगेच ओळखेल.

कारण इथे दार आतून लावून बसलेलं माणूस एकटंच आहे. १९३५ च्या उन्हाळ्यात तेरा वर्षांची ब्रायनी थोरल्या बहिणीच्या, सिसिलियाच्या, प्रियकराविरुद्ध खोटी साक्ष देते. रॉबी तुरुंगात जातो, तिथून फौजेत, आणि १ जून १९४० ला डंकर्कजवळच्या किनाऱ्यावर जखम चिघळून, रक्तात विष भिनून मरतो. सिसिलिया त्याच ऑक्टोबरात लंडनच्या बॅलम भुयारी स्थानकात बॉम्बहल्ल्यात जाते. पुढे लेखिका झालेली म्हातारी ब्रायनी आपल्या कादंबरीत त्या दोघांना जिवंत ठेवते, एकत्र आणते. माफ करणारी दोन्ही माणसं गेल्यावर प्रायश्चित्त देणार कोण? माप ठरवणारीही तीच, घेणारीही तीच. म्हणून नाव 'प्रायश्चित्त'च हवं. 'परिमार्जन' ठेवलं तर डाग पुसला गेला असं नावातच कबूल केल्यासारखं होईल, आणि तोच तर पुसला जात नाही. 'क्षालन'चंही तेच. 'भरपाई' विम्याच्या दाव्याला ठीक. मसुद्यातल्या वाक्याचं 'मी आयुष्यभर पश्चात्तापात जळले' असं करा, किंवा 'मी आयुष्यभर प्रायश्चित्त घेत राहिले'. अर्थ वेगळे आहेत. पहिल्यात ती फक्त सोसते, दुसऱ्यात ती लिहिते. प्रसंग पाहून ठरवा.

आता 'गिल्ट'. 'अपराधबोध' हिंदीत रुळलेला आहे, पण मराठीत बोध म्हणजे शिकवण. आपण गोष्टीवरून बोध घेतो. त्यामुळे मराठी कानाला तो 'गुन्ह्यापासून मिळालेला धडा' असा लागतो. 'अपराधगंड'मधला गंड न्यूनगंडातला. मुळात नसलेला किंवा किरकोळ अपराध मनात फुगून बसला की तो गंड. ब्रायनीचा अपराध खरा आहे आणि मोठा आहे, तिला गंड चिकटवणं म्हणजे तिला सोडवणं. 'अपराधीपणाची भावना' अर्थाने बरोबर, पण पाटीवर बेतानेच. एका ओळीत चाळीस-बेचाळीस अक्षरं बसतात आणि त्यातली बरीच या दोन शब्दांनीच जातात. बहुतेक ठिकाणी टोचणी पुरते: 'मनाला टोचणी लागली', 'मन खातं'. शेजारचे शब्द मात्र सांभाळून घ्या. चुटपुट थोडक्यात हुकलेल्या गोष्टीची. रुखरुख करायचं राहून गेल्याची. हळहळ बहुधा दुसऱ्यासाठी, आणि ती बोलून दाखवली जाते. सल मात्र आत रुतून राहतो; म्हातारपणच्या प्रसंगाला तोच चपखल. 'गिल्टी वाटतं' हे आजच्या मुंबईच्या बोलण्यात सर्रास आहे, पण १९४० च्या माणसांच्या तोंडी नको. त्या काळच्या मराठी घरात गिल्ट म्हटलं की मुलामा दिलेले दागिने आठवायचे.

याहून महत्त्वाची, आणि सहज निसटणारी, गोष्ट क्रियापदांत आहे. साक्षीच्या प्रसंगात 'मला तो दिसला' आणि 'मी त्याला पाहिलं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अंधारात तिला दिसलं ते कुणीतरी; तिने साक्षीत सांगितलं, पाहिलं. दिसणं आपोआप घडतं, पाहणं माणूस करतो. सगळा चित्रपट या दोन क्रियापदांमधल्या फटीत घडतो, तेव्हा साक्षीच्या पाटीत 'पाहिलं'च हवं. तसंच माफीचं. 'माझं चुकलं' म्हटलं की चूक जणू आपणहून झाली. 'माझ्या हातून चूक झाली' म्हटलं की दोष हातावर ढकलला. 'मी चुकले' यातच कर्ता उघडा उभा राहतो. लहान ब्रायनीला पहिली रूपं द्या आणि कबुलीच्या प्रसंगासाठी 'मी चुकले', 'मी खोटं बोलले' राखून ठेवा. मराठी प्रेक्षकाला बदल न सांगता कळेल.

मसुद्यातलं 'हरवलेलं प्रेम' मात्र काढाच. छत्री हरवते, पाकीट हरवतं. रॉबी-सिसिलियाची ताटातूट झाली. कुणीतरी मध्ये आलं हे त्या शब्दात आहे. 'विरह'ही नको. विरहाला भेटीची आस असते, आणि ही दोघं ती वाट पाहता पाहताच जातात.

शेवटी लेखन. 'प्रायश्चित' चूक, 'प्रायश्चित्त' बरोबर, कारण आत अख्खं 'चित्त' आहे. 'पश्चाताप' चूक, 'पश्चात्ताप' बरोबर: पश्चात् अधिक ताप, म्हणून दोन त. दोन्ही तत्सम, सूट नाही. आणि टंक निवडताना एक करून पाहा: 'त्त' आणि 'त' यांत फरक डावीकडच्या एका आडव्या रेघेचा असतो. बारीक टंकात, काळ्या कडेच्या पांढऱ्या अक्षरांत, ती रेघ बुजते आणि बरोबर लिहिलेलं 'प्रायश्चित्त' पडद्यावर 'प्रायश्चित' दिसतं. नावाची पाटी आधी फोनच्या पडद्यावर लावून बघा. रेघ दिसत नसेल तर अक्षराचा आकार वाढवण्याआधी काळी कड बारीक करा, बुजवते ती तीच.