दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मैत्री आणि कुटुंब यांवरची पुस्तके

पाचवीतल्या मुलीसाठी मैत्री आणि घरातली नाती यांभोवती फिरणारी पुस्तके आपण विचारली आहेत. सर्वांत आधी मी ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ सुचवेन, कारण एक पोरका मुलगा परक्या घरात येऊन हळूहळू त्या घराचाच कसा होऊन जातो, हे त्यात अतिशय मायेने आले आहे. भाषा जुन्या वळणाची असल्याने पहिली काही पाने आपण स्वतः मोठ्याने वाचून दाखवावीत.

मैत्रीसाठी मात्र माझे सर्वांत लाडके पुस्तक तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ आहे. ते कादंबरी नसून लेखिकेच्या बालपणीच्या आठवणी आहेत, तरी मुले ते गोष्टीसारखेच वाचतात. पोलिओ झालेल्या यासुआकीचानला आपल्या झाडावर चढवण्यासाठी तोत्तोचान आधी एक शिडी ओढत आणते, ती डगमगते म्हणून घडवंची आणते आणि घामाघूम होऊन त्याला वर ओढून घेते. मित्रासाठी जिवाचे रान करणे म्हणजे काय, हे त्या प्रसंगातून मुलांना आपोआप कळते.

आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपनचे ‘वनवास’ हे प्रकाश नारायण संतांचे पुस्तक दोन वर्षांनी द्यावे. आपण ठाण्यातच राहत असल्याने विकत घेण्यापूर्वी १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात चौकशी करावी आणि मुलीलाही सोबत न्यावे.