सांगलीत घर बांधताना कॉन्ट्रॅक्टर म्हणतो परवानगी नंतर बघू आणि करार नको, काय करावं?

तसं अजिबात करू नका ओ. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत असाल तर आधी आर्किटेक्टकडनं नकाशा काढून महापालिकेकडनं मंजूर करून घ्या, बांधकाम परवाना हातात आला की मगच पाया खोदायचा. विनापरवाना बांधकामाची नोटीस जागामालकालाच येते, कॉन्ट्रॅक्टर तोवर दुसऱ्या साईटवर गेलेला असतो. आणि कृष्णेची पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी नकाशावरची रेषा, नक्की बघा. निळी रेषा नदीच्या जवळची, लाल त्याहून मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत प्लॉट असेल तर घराला परवानगी मिळणं अवघड, निळ्या-लाल रेषेच्या मधे असेल तर जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागतं, २०१९ चा पूर बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

कॉन्ट्रॅक्टरच्या लायसन्सचं म्हणाल तर पीडब्ल्यूडीची (सार्वजनिक बांधकाम खात्याची) नोंदणी सरकारी कामांसाठी असते, खाजगी घराला ती लागत नाही. त्यापेक्षा त्यानं केलेली दोन-तीन घरं स्वतः जाऊन बघा, मालकांशी बोला.

करार मात्र लेखीच करा. दर नुसता लेबरचा का मटेरियलसकट, आणि स्क्वेअर फूट मोजायचं कसं हे त्यात पाहिजेच, कारण जिना, छज्जा, बाल्कनी धरायची का नाही यावरच शेवटी खरी भांडणं होतात. सिमेंट-स्टीलचा ब्रँड लिहा. पैसे जोतं, स्लॅब, प्लास्टर असे कामाप्रमाणे द्या, मोठी उचल आधी देऊ नका, आणि शेवटचा हप्ता गळती वगैरे बघूनच.